सरपण

"लाकडं फोडायला अमेरिकेत कशाला गेलास रे? इथे काय कमी होती?"

आईचा हा प्रश्न आमच्या घरात आता म्हणीसारखा झाला आहे. दर वर्षी ऑक्टोबरात तिचा फोन आला की मी मोठ्या कौतुकाने सांगतो, "आई, यंदाची लाकडं रचून झाली." आणि पलीकडून हे उत्तर येतं. तिचं वय ८४. हल्ली ऐकू थोडं कमी येतं, पण टोमण्याची वेळ अजून एकदाही चुकलेली नाही. :-)

गेल्या रविवारीही तेच झालं. पण या वेळी फोन ठेवल्यावर मी मागच्या पायरीवर बसून बराच वेळ त्या लाकडांच्या राशीकडे बघत राहिलो. कंबर दुखत होती हे एक कारण. दुसरं म्हणजे यंदा एक निर्णय घ्यायचा होता. तो काय ते शेवटी सांगतो. पण सरपणावर लिहायचं कधीपासून मनात होतं, तर मंडळी, आज तेच.

आम्ही राहतो व्हरमाँट राज्यात. अमेरिकेच्या नकाशात वर उजवीकडे, कॅनडाला डोकं टेकवून बसलेलं लहानसं डोंगराळ राज्य. हिवाळा नोव्हेंबरात येतो आणि एप्रिलपर्यंत पाय काढत नाही. जानेवारीत उणे २५ सेल्सिअस म्हणजे कोणी बातमीसुद्धा करत नाही. २००७ साली आम्ही इथे एक जुनं शेतघर घेतलं. त्याच्यामागे १४ एकर रान आणि एक पडका गोठा. गोठ्याचं मी सुतारकामाचं वर्कशॉप केलं. (नोकरी कॉम्प्युटरची, जीव रंध्यात!)

घर गरम करायला तळघरात तेलावर चालणारी भट्टी होती. २००८ च्या उन्हाळ्यात कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला आणि हिवाळ्याच्या तेलाचं आगाऊ बिल बघून सौ.ने मला विचारलं, "मागे एवढं रान आहे ते काय फक्त बघायला?" तर सुरुवात अशी झाली. पर्यावरणप्रेम वगैरे नंतर सुचलं.

पहिल्या वर्षी माझी चांगलीच फजिती झाली. सप्टेंबरात झाडं पाडली, नोव्हेंबरात शेगडीत घातली. लाकूड पेटायच्या ऐवजी फुसफुसायला लागलं. ओंडक्याच्या टोकांतून पाण्याचे बुडबुडे येत होते! काचेवर काळं, धुराड्यात डांबरासारखी चिकट काजळी. ही काजळी फार वाईट. ती पेटली की धुराडंच पेटतं, आणि घरं लाकडाची. शेजारचे शेतकरी आजोबा बघायला आले, एक ढलपी हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाले, हे पुढच्या हिवाळ्याचं लाकूड आहे, या हिवाळ्याचं नाही. बस्स, एवढंच. पण त्यात सगळं आलं.

मग त्यांनीच शिकवलं. झाडं पाडायची ती भर थंडीत. तेव्हा बर्फावरून ओंडके घसरत खाली आणता येतात. वसंतात फोडायची. रचताना राशीचं डोकं झाकायचं, कुशी उघड्या ठेवायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. निदान एक पूर्ण उन्हाळा, मेपल किंवा बीच असेल तर दोन, असं वाळवून ओल २० टक्क्यांच्या खाली आली की ते सरपण. इथे लाकूड मोजतात कॉर्डमध्ये. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. वाळलेल्या मेपलचा एक कॉर्ड दीड टनाच्या वर भरतो. आमच्या घराला पाच आणि वर्कशॉपला दोन, असे सात कॉर्ड लागायचे. प्रत्येक तुकडा पाडताना, फोडताना, रचताना, आत आणताना आणि शेगडीत घालताना हाताखालून जातो. लाकूड आपल्याला अनेकदा ऊब देतं असं इथले लोक गमतीने म्हणतात, ते खरं आहे. एप्रिलमध्ये फोडताना तर शर्टसुद्धा नको होतो.

वर्कशॉपचं गणित वेगळं. तिथे ऊब माझ्यासाठी कमी आणि गोंदासाठी जास्त लागते. गारठ्यात लाकडाचा गोंद नीट धरतच नाही, आणि तीन आठवडे खपून केलेल्या खुर्चीचा सांधा एका रात्रीत निखळतो. (अनुभव!) पण तिथेच भुसा आहे, वॉर्निशची वाफ आहे. म्हणून नियम केला: गोंदाच्या दिवशी शेगडी, वॉर्निशच्या दिवशी शेगडी विझलेली आणि खिडकी उघडी. त्यामुळे डिसेंबर ते मार्च आमच्याकडे वॉर्निश नाही. गिऱ्हाइकांना हे पटवताना नाकी नऊ येतात, पण असो.

तर सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. पहिल्याच हिवाळ्यात रानात फिरताना मला एक कोडं पडलं. जिकडे जावं तिकडे गडगे! आपल्या कोकणात असतात तसेच, दगडावर दगड रचलेले, मातीचुना काही नाही. घनदाट जंगलात, मेपलच्या बुंध्यांमधून, ओढ्याच्या पलीकडे, थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत गेलेले. भर जंगलात गडगा कोण कशाला घालेल?

शेजारच्या आजोबांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, गडगे घातले तेव्हा इथे जंगल नव्हतं.

त्या एका वाक्याने माझा पुढचा हिवाळा खाल्ला. शेगडीसमोर बसून जे मिळेल ते वाचत गेलो.

युरोपातून आलेल्या लोकांनी या भागात वस्ती केली तेव्हा त्यांना झाडांचा अंतच दिसेना. मायदेशी इंग्लंडात सरपण महाग झालेलं, आणि इथे मोळी काय, अख्खं झाड जाळा! त्या काळच्या न्यू इंग्लंडमधल्या घराला वर्षाला ३० ते ४० कॉर्ड लाकूड लागे असा इतिहासकारांचा अंदाज आहे. माझ्या सात कॉर्डनी माझी कंबर गेली, तिथे चाळीस! कारण साधं. घरात भली मोठी उघडी चूल, तिच्यावर तेवढंच मोठं धुराडं. बहुतेक ऊब धुराबरोबर आकाशात. वर आगीला लागणारी हवा बाहेरून फटींतून आत ओढली जायची, म्हणजे आग जितकी मोठी तितका पाठीला गार वारा जास्त. तोंड भाजतंय आणि पाठ गोठतेय, असा तो संसार.

आणि जाळायला घर तरी कशाला हवं? शेतासाठी रान साफ करायचं म्हणून झाडं जागच्या जागी पेटवून दिली जात. त्यांची राख पाण्यातून गाळून, ते पाणी आटवून पोटॅश काढत. साबण आणि काच करायला त्याला मागणी होती. अमेरिकेचं पहिलं पेटंट, १७९० सालचं, कशाचं असेल? पोटॅश करायच्या सुधारित पद्धतीचं! राखेला भाव होता, झाडाला नव्हता.

पण शहरांच्या आसपास लाकूड संपत आलं तशी लोकांना शेगडीची अक्कल सुचू लागली. बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ साली आपल्या नव्या लोखंडी शेकोटीची माहिती देणारी पुस्तिका छापली. तीत त्याची तक्रार अशी, की शंभर वर्षांपूर्वी जे जळण दारात मिळे ते आता काही गावांना जवळजवळ शंभर मैलांवरून आणावं लागतं. गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट त्याने घेतलं नाही. आपण दुसऱ्यांच्या शोधांचा फायदा घेतो, मग आपलाही तसाच द्यावा, असं त्याचं म्हणणं. थोर माणूस! फक्त शेगडी धड चालत नव्हती. धूर आधी खाली जाऊन मग वर चढायचा असा रस्ता त्याने काढला होता, आणि धुराला खाली जायचं कोणी शिकवलेलं नसतं. पुढे इतरांनी ती दुरुस्त केली.

दुसरा बेंजामिन थॉम्पसन. १७५३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला, स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने गेला म्हणून देश सोडावा लागलेला. पुढे बव्हेरियाच्या दरबारी चाकरी करून काउंट रमफोर्ड झाला. तोफा भोकताना धातू इतका तापतो कसा, यावरून उष्णता म्हणजे काय याचा शोध घेणारा तो हाच. १७९६ साली त्याने उघड्या चुलीवर निबंध लिहिला. चूल उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा, धुराड्याचा गळा अरुंद करा. खर्च थोडा, फरक मोठा. आणि त्यानंतरच्या अर्धशतकात आल्बनी आणि ट्रॉय या शहरांतल्या ओतशाळांमधून बिडाच्या बंद शेगड्या घरोघरी गेल्या. आग प्रथमच दाराआड गेली आणि तिच्या तोंडाला हवेची झडप आली.

म्हणजे शेगडीने जंगल वाचवलं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण व्हरमाँटमध्ये झालं उलटंच.

इथे आल्या मेंढ्या. लिस्बनमध्ये अमेरिकेचे कॉन्सल असलेले विल्यम जार्व्हिस यांनी १८११ च्या सुमारास स्पेनच्या मेरिनो मेंढ्या व्हरमाँटमध्ये आणल्या. लोकरीला सोन्याचा भाव. १८४० च्या शिरगणतीत राज्यात माणसं तीन लाखांच्या आत आणि मेंढ्या सुमारे १७ लाख! टेकड्या माथ्यापर्यंत सोलून कुरणं केली आणि कुरणांना गडगे घातले. माझ्या रानातलं कोडं ते हे. आज मी ज्या मेपलखाली घाम पुसत बसतो तिथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी सावलीला एक झाड मिळालं नसतं. पाऊस पडला की माती ओढ्यात, ओढे गढूळ, उन्हाळ्यात कोरडे.

हे सगळं डोळ्यांनी बघत एक मुलगा इथल्या वुडस्टॉक गावात वाढला. जॉर्ज पर्किन्स मार्श, जन्म १८०१. वकील, खासदार, मग तुर्कस्तानात आणि इटलीत अमेरिकेचा राजदूत. १८४७ साली रटलंडच्या शेतकऱ्यांसमोर त्याने भाषण केलं की बाबांनो, डोंगर बोडके करू नका, पाणी आणि माती दोन्ही जातील. १८६४ साली त्याने 'मॅन अँड नेचर' हे पुस्तक लिहिलं. माणूस निसर्गाची कशी आणि किती मोडतोड करतो हे इतक्या विस्ताराने सांगणारं ते पहिल्या काही पुस्तकांपैकी एक.

पण खरं सांगू का, व्हरमाँटचं जंगल परत आलं ते मार्शच्या पुस्तकामुळे फारसं नाही. ते आलं कारण माणसं निघून गेली. १८२५ साली ईरी कालवा झाला, मग रेल्वे आली. पश्चिमेकडे सपाट, बिनदगडाची काळी जमीन होती. लोकरीचे भाव पडले. शेतकऱ्यांनी घरं सोडली, गडगे तसेच राहिले आणि कुरणांत आपोआप पाइन उगवले, त्यांच्यामागून मेपल. शिवाय १८८५ च्या सुमारास या देशात कोळशाने लाकडाला मागे टाकलं. पुढे तेल आलं. आता राज्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे.

हे कळलं तेव्हा मी जरा खजील झालो. कारण तोवर मी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगायचो, आम्ही बुवा कोळसा-तेल वापरत नाही, आमच्याच रानातलं लाकूड. आणि हे रान मुळात उभंच आहे ते शंभर-दीडशे वर्षं बाकीच्यांनी कोळसा आणि तेल जाळलं म्हणून! माझ्या सात कॉर्डचा पुण्यसंचय दुसऱ्याच्या खात्यावर आहे.

आता या गोष्टीचा आपल्याकडचा भाग.

मार्शचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, १८६४ मध्ये, हिंदुस्थानात सरकारी जंगलखातं सुरू झालं. पहिले प्रमुख डीट्रिश ब्रँडिस हे जर्मन. मद्रास इलाख्यात जंगलांचं काम केलेले डॉक्टर ह्यू क्लेगहॉर्न यांनी तर मार्शना पत्र लिहून कळवलं होतं की तुमचं पुस्तक मी हिमालयाच्या उतारांवर बरोबर घेऊन हिंडलो. माझ्या घरापासून मोटारीने जाण्यासारख्या अंतरावर वाढलेल्या माणसाचं पुस्तक हिमालयात! वाचून छाती फुगली.

पण पुढचं पान उलटलं की फुगलेली छाती खाली येते. सरकारला चिंता होती ती मुख्यतः रेल्वेच्या स्लीपरांना लागणाऱ्या लाकडाची. १८६५ चा कायदा, मग १८७८ चा जास्त कडक कायदा. राखीव जंगल म्हटलं की गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर एका फटक्यात मेहेरबानी ठरला. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या खात्याने शेतकऱ्याची गायरानं गिळल्याबद्दल कोरडे ओढले आहेत. ठाणे-कुलाबा भागातून इतक्या तक्रारी झाल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. आणि १९३० साली जंगल सत्याग्रह. यवतमाळकडे लोकनायक अणे, आणि आमच्या कुलाबा जिल्ह्यात चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला गोळीबार झाला, गावकरी मारले गेले. शाळेत आम्ही हे धड्यासारखं ऐकलं होतं. गवत आणि सरपण यांसाठी माणसं गोळ्या खायला का उभी राहिली, हे मात्र तेव्हा कधी मनात आलं नाही.

ते कळलं आमच्या शेगडीसमोर.

२०१२ च्या डिसेंबरात आई इथे आली होती. तिचा पहिलाच बर्फ. पहिल्या दिवशी तिने घरभर फिरून बघितलं आणि शेगडीपाशी येऊन विचारलं, "धूर कुठे जातो?"

म्हटलं, "अगं, वर धुराड्यातून."

ती शाल लपेटून अंगणात गेली, मान वर करून धुराड्याकडे बघितलं. धूर दिसेना. नुसती हवा थरथरत होती. मग मी तिला समजावून सांगितलं. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा इथे पुन्हा लाकडाचं वेड आलं. १९७५ मध्ये आमच्याच राज्यातल्या रँडॉल्फ गावी व्हरमाँट कास्टिंग्ज नावाचा शेगड्यांचा कारखाना निघाला. पण घरोघरी शेगड्या झाल्या तशा दऱ्या धुराने भरू लागल्या. शेवटी १९८८ साली सरकारने धुरावर मर्यादा घातली, साध्या शेगडीला तासाला साडेसात ग्रॅम. (२०२० पासून ती दोन-अडीच ग्रॅमवर आली.) धूर म्हणजे दुसरं काही नाही, न जळलेलं लाकूड. म्हणून नव्या शेगडीत वरच्या बाजूला भोकं असलेल्या नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा सुटते आणि धूरच पेटतो. काचेतून बघितलं तर लाकडाच्या वर, अधांतरी ज्वाळा नाचताना दिसतात.

आई त्या ज्वाळांकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे आईला दाखवायला हवं होतं."

मग ती बोलायला लागली. माझी आजी आठवड्यातून तीनदा पहाटे डोंगरावर जायची. कमरेला कोयता, डोक्यावर चुंबळ. येताना मोळी. आगोटीच्या दिवसांत तर रोज, कारण पाऊस लागला की चार महिने सुकं लाकूड मिळायचं नाही. पडवीत आढ्यापर्यंत सरपण रचलं की तिचा जीव भांड्यात पडे. आई नऊ-दहा वर्षांची असताना, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झालेली, ती पण बरोबर गेली होती. उतारावर राखणदाराने अडवलं. दोघींच्या मोळ्या खाली टाकायला लावल्या आणि आजीचा कोयता काढून घेतला.

"वाळकीच लाकडं होती रे," आई म्हणाली. "एक ओली फांदी नव्हती. आई काही बोलली नाही. घरी येईपर्यंत माझ्याकडे बघितलं पण नाही तिने."

त्या रात्री शेजारणीकडून मागून आणलेल्या करवंट्यांवर भात शिजला. कोयता चार दिवसांनी परत मिळाला, एका कोंबडीच्या बदल्यात. आणि आजीचे डोळे, जे मी लहानपणापासून लाल आणि पाणावलेलेच बघितले, ते रडून तसे झालेले नव्हते. फुंकणी घेऊन चाळीस-पन्नास वर्षं चुलीसमोर बसल्याने झाले होते. घरातल्या चुलीच्या धुराने २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख लोक मेले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आजी तशा कुठल्या आकड्यात नव्हती. ती खोकत खोकत गेली, आणि म्हातारपण म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

आमच्या घरी गॅस आला १९८६ साली. आईने चूल दुसऱ्याच दिवशी फोडली. वडील म्हणत होते, राहू दे, पाहुणे आले तर लागेल, भाकरीला चव असते. आई म्हणाली, "चव ज्याला हवी त्याने लाकडं आणावीत." चूल गेली. बंब तेवढा राहिला, आणि त्याच्यासाठी लाकडं फोडायचं काम वडिलांकडे आलं!

आता कळलं ना तिच्या टोमण्यात काय आहे ते? जे ओझं डोक्यावरून उतरवायला तिची आणि तिच्या आईची हयात गेली, ते मी दर ऑक्टोबरात फोनवरून कौतुक म्हणून सांगतो.

मी वर लाकडाबद्दल लिहिलं त्यातलं काहीही खोटं नाही. शेगडीची ऊब हाडांपर्यंत जाते, भट्टीची जात नाही. एका डिसेंबरात वादळाने तीन दिवस वीज गेली, तेलाची भट्टी पंख्याविना बंद पडली, तेव्हा आम्ही आणि शेजारचे आजोबा-आजी याच शेगडीभोवती झोपलो. पण माझ्या या सुखाला तीन गोष्टी लागतात. रान माझ्या नावावर आहे. धूर घराबाहेर जातो. आणि भिंतीवर एक बटण आहे, कंटाळा आला तर दाबायला. आजीकडे या तिन्हींपैकी एकही नव्हती. लाकूड तेच, आग तीच. एकीकडे छंद, दुसरीकडे वेठ.

तर निर्णय. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. यंदा मी ५९ पूर्ण केली, आणि डॉक्टरांनी कमरेचा फोटो दाखवून जे सांगितलं ते त्यांच्या वाक्याइतकंच थोडक्यात होतं. रानातल्या ॲश झाडांना एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा लागला आहे. २०१८ मध्ये तो या राज्यात पहिल्यांदा सापडला. वाळणारे ॲश आता पाडावेच लागतील, आणि ते मी एकट्याने पाडणं बरं नव्हे. घराला आम्ही हीट पंप बसवला. विजेवर चालतो, बाहेरच्या थंड हवेतूनसुद्धा ऊब ओढून आत आणतो. (फ्रँकलिनला किती आवडला असता!) कडाक्याच्या दिवसांसाठी घरची शेगडी राहील, आणि वर्कशॉपची रोजच्यासारखी. सातऐवजी तीन कॉर्ड. तेवढं झेपेल.

महिनाभर मला हा पराभव वाटत होता. मग आईने घरातली चूल फोडली तो दिवस आठवला. तिला कोणी विचारलं नव्हतं की पराभव वाटतोय का.

काल तिला फोन करून सांगितलं. म्हटलं, "आई, यंदा तीनच कॉर्ड. बाकी बटण."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. परत सांगणार, तेवढ्यात म्हणाली, "बरं केलंस." आणि मग, "पण ती खालची रास पावसाआधी झाकलीस ना? कुशी उघड्या ठेव हो, नाहीतर बुरशी धरेल."

तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिला ते आजीने शिकवलेलं.